केळीच्या खांबांचा खुलासा

जळगाव,
२७ डिसेंबर

ती. सौ. हेमअक्का हिला धाकट्या सुनिताचा सलाम. (तू काल फोन आपटलास म्हणून कोपरापासून नव्हे, नेहमीसारखाच, वाकून.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं पित्त? नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं, की पाहुणे अजून त्याच्यावरून घसरतात? इकडे सगळे ठणठणीत आहेत. थंडीच्या मानाने मायचा दमा शहाण्यासारखा वागतो आहे, मेघाची उंची वाढली आहे (त्यामुळे गणवेशाची कमी झाली आहे), प्रकाश सुपरव्हिजनच्या कामात गढलेला आहे, आणि मी तुला कागदावर पत्र लिहिते आहे.

पत्र अशासाठी की माझ्या फोनचं रिचार्ज संपलंय. फोन येतो, करता येत नाही, आणि तू करशीलसं वाटत नाही. शिवाय फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो अक्का' म्हणते, हे मला बोलता यायला लागल्यापासून चालू आहे. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. शेजारच्या प्रमिलाबाई उद्या लेकीकडे धुळ्याला निघाल्यात, त्यांच्या हाती हे पाठवते. त्यांना चहा दे. त्यांना तू पाहिलेलं आहेस; तुझ्या तेजसच्या व्हिडिओत ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांत पुढे बसलेल्या त्याच.

तो व्हिडिओ मी पाहिलेला नाही (रिचार्ज), पण तुझ्या आवाजावरून मला तो तोंडपाठ झाला. दाराला केळीचे खांब. खांबांना कापसाची वस्त्रं. घरात माय पाटावर, मांडीत नारळांचा ढीग, समोर अख्खी गल्ली हातावर प्रसाद घेऊन, आणि शेवटी आरती. "नाताळच्या दिवशी तू मायला सत्यनारायणाला बसवलंस!" हे तुझं वाक्य मेघाने स्वयंपाकघरातून ऐकलं, आणि फोन स्पीकरवर नव्हता. त्यानंतर तू म्हणालीस की एक तारखेला तेजस गाडी घेऊन येईल, मायचं सामान बांधून ठेव, ती आता कायमची धुळ्याला राहील. आणि आपटलास. आता कृपा करून सोफ्यावर नीट बस (घसरू नकोस) आणि ऐक.

प्रकाशचं दीपनगरच्या वीजकेंद्रातलं ठेक्याचं काम ऑगस्टात संपलं हे तुला माहीत आहे. सप्टेंबरात आम्ही स्टेशनजवळचं घर सोडून या गल्लीत आलो. खोल्या इथेही दोनच आहेत, फक्त दुसरी पहिल्यातच आहे. नाताळ आला तेव्हा मी जाहीर केलं की यंदा साधेपणाने करू. (साधेपणा हा शब्द फार चांगला. त्यात तत्त्व असल्यासारखं वाटतं.) प्रकाशने मान हलवली, मायने 'बरं' म्हटलं, मेघा मात्र म्हणाली, "साधेपणाने म्हणजे झाडाशिवाय?" तिला झाड हवं होतं. बाजारातल्या प्लास्टिकच्या झाडाची किंमत ऐकून आम्ही दोघी दुकानातून इतक्या सावकाश बाहेर आलो, जणू आम्हाला त्याचा हिरवा रंगच पसंत नव्हता. घरी आल्यावर प्रकाश म्हणाला, "झाडच पाहिजे ना? यावलला केळीचा घड उतरवला की झाड तोडूनच टाकतात. मी आणतो. हे तर खरं झाड आहे." आता अक्का, तूच सांग, ज्याचा जन्म गव्हाणीत झाला त्याच्या वाढदिवसाला प्लास्टिकपेक्षा केळ काय वाईट?

तेवीस तारखेला तो टेम्पोतून केळ घेऊन आला. पत्र्याखाली ती उभी राहीना, म्हणून अंगणात आणली. दाराच्या मध्यावर उभी केली तर कुणाला घरात जाता येईना, आणि एका बाजूला बांधली तर ती दुसऱ्या बाजूला कलून बघायची. मग प्रकाशने दुसरी आणली आणि दोन बाजूंना दोन बांधल्या. मला सुंदर वाटलं. मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती, पण थंडीत पाली कुठे असतात? मेघाला बर्फ हवा होता. मायने चोपड्याच्या घरून उशीसाठी आणलेला कापूस होता, आपल्याच शेतातला. डिंक नव्हता, म्हणून मेघाने कापसाचे मणी वळून माळा केल्या, आणि नाताळ लाल-पांढरा असतो म्हणून प्रत्येक मण्यावर रंगपेटीतला लाल ठिपका दिला. वर कंदील दिवाळीनंतर अर्ध्या भावात मिळालेला, त्याच्यावर 'शुभ दिवाळी' छापलेलं. ते मी खरवडायला घेतलं तर मायने हात धरला. "ऱ्हाऊ दे. मनं नाव शे वर." दिवालीबाईच्या घरावर दिवालीचं नाव, त्यावर काय बोलणार? (आजोबांनी तिचं नाव ठेवलं तेव्हा घर अजून ख्रिस्ती झालेलं नव्हतं. नंतर पाळकसाहेबांनी नाव बदलायचं काढलं, तर माय म्हणे त्यांनाच म्हणाली होती की देवाने मला या नावाने ओळखलंय, त्याचा गोंधळ करू नका.)

केकचं सांगते. थंडीत अंडी महाग होतात, कोंबड्यांना बहुधा आपला सण कळतो. मैदा घरात नव्हता, रवा होता. लोणी नव्हतं, थोडं तूप होतं. सुका मेवा म्हणून केळी होती, प्रकाशच्या कृपेने घरात केळी केव्हाही असतात. रवा, साखर, दूध, तूप आणि केळं हे सगळं कुकरमध्ये मिठाच्या थरावर ठेवून, शिटी काढून, मी तासभर त्याच्याकडे श्रद्धेने पाहत बसले. फुगलं नाही. ताटात उपडं केलं तर पडलंही नाही, ओघळलं. मायने चमच्यावर घेऊन चाखलं आणि म्हणाली की शिरा झकास झालाय. हे सारं मी तुला अशासाठी सांगते आहे की रवा, साखर, दूध, तूप आणि केळं मिळून जगात दुसरं काय होतं हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. इतकी मी ख्रिस्ती आहे, हे भाऊजींना सांग.

प्रमिलाबाईंच्या डोक्यात मात्र चोवीस तारखेच्या सकाळीच आलं होतं. त्या नळावरून हंडा घेऊन परतत होत्या. नवे भाडेकरू, दाराला केळीचे खांब, खांबांना वस्त्रं, दिवालीबाई नावाची म्हातारी. दुपारपर्यंत गल्लीला कळलं की नव्या लोकांनी उद्या सत्यनारायण घातलाय, स्वभावाने बुजरे आहेत म्हणून बोलवायला आले नाहीत, आपण आपलं जायला हवं. प्रसादाला आमंत्रण लागत नाही. (रविवारी सकाळी आम्ही धुतलेले कपडे घालून कुठे जातो हे गल्लीने आधीच ठरवून टाकलं होतं. सत्संगाला.)

आता खरं सांगते. पंचवीसच्या संध्याकाळी तेजस तुझा केक घेऊन येणार हे मला माहीत होतं. नुसता केक नव्हे, तुझे डोळे घेऊन येणार हेही माहीत होतं. सप्टेंबरपासून तू म्हणते आहेस की मायला धुळ्याला वेगळी खोली आहे, गिझर आहे, आणि तुझं सगळं बरोबर आहे, अक्का, तोच तर त्रास आहे. माझ्याकडे गिझर नाही. म्हणून मला झाड हवं होतं, कंदील, केक, मायच्या अंगावर शाल. तेजसने ते सगळं बघावं, फोनमध्ये घ्यावं आणि तुला पाठवावं. त्याने अगदी तसंच केलं. व्हिडिओ पाठव असं मीच त्याला सुचवलं होतं.

तो यायच्या आधी अर्धा तास दारात प्रमिलाबाई उभ्या. ठेवणीतली साडी, केस विंचरलेले, हातात नारळ. मागे पाच-सहा बायका, त्यांच्या मागे त्यांचे नवरे, आणि सगळ्यांच्या मागे आमचे घरमालक झुलालआप्पा, टोपी नीट करत. मी तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ. पण चार महिने या गल्लीत मला फक्त नळावरचा नंबर होता. आज पहिल्यांदा कुणी अंघोळ करून, नटून, माझ्या घरात यायला निघालं होतं. आणि नाताळच्या दिवशी दारात आलेल्याला परत पाठवायची पद्धत आपल्यात नाही. नाताळची गोष्टच मुळी दारातून परत पाठवलेल्यांची आहे.

प्रमिलाबाई आत आल्या आणि चौरंग शोधू लागल्या. कोपऱ्यात पाटावर मायने मातीची गव्हाणी मांडली होती, गवत, गाय, वासरू आणि मध्ये चिंध्यांचं बाळ. त्यांनी निरखून पाहिलं आणि समाधानाने म्हणाल्या, "अगं बाई, बाळकृष्ण बसवला! बरं केलं." नारळ कुठे ठेवायचा हे कळेना, कलश नव्हता, म्हणून शेजारी शाल पांघरून बसलेल्या मायच्या मांडीत ठेवला आणि वय बघून तिच्या पायाही पडल्या. मग मागच्या बायकांना वाटलं की या घरी असंच असतं. रांग लागली. मायने प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांची चूक तिने दुरुस्त केली नाही. दम्यामुळे नव्हे, तिला मजा येत होती.

गल्लीतले ज्येष्ठ नवलनाना भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "भटजी कुठंय? पोथी कोण वाचणार?" मी प्रकाशकडे पाहिलं, प्रकाशने केळीकडे पाहिलं. मागून मायचा आवाज आला, "मी वाचस." तिने उशाखालचं पवित्र शास्त्र काढलं, चष्मा लावला आणि येशूजन्माची हकीकत लावली, तिच्या त्या हेल काढून वाचायच्या पद्धतीने. तुला आठवतं, मिशनच्या रात्रीच्या वर्गात शिकलेली ती, एकेका अक्षराला हात धरून चालवते. लोक हात जोडून ऐकू लागले. नवलनाना परिच्छेद संपला की "अध्याय पहिला" म्हणायचे. शिरगणतीचा हुकूम निघतो, नवरा-बायको गावाला निघतात, तिचे दिवस भरलेले, आणि गावात त्यांना उतरायला जागा मिळत नाही, इथपर्यंत माय आली आणि बायका पुढे सरकून बसल्या.

अक्का, ही हकीकत मी लहानपणापासून ऐकते आहे. इतक्या वेळा, की जागा मिळत नाही हे मला त्या गोष्टीतल्या गाढवासारखं वाटायचं, असतंच ते. पण ही सगळी गल्ली भाडेकरूंची. प्रमिलाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अवघडलेली बाई दारात, आणि कुणीच खोली दिली नाही?" दुसरी म्हणाली, "डिपॉझिट मागितलं असेल." मग हळूहळू सगळ्यांच्या माना झुलालआप्पांकडे वळल्या. आप्पांनी टोपी काढली, परत घातली. शेवटी ते घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, "माझ्याकडं काय पाहून राहिले? मी दिली असती!" नवलनाना म्हणाले, "अध्याय दुसरा."

बाळ गोठ्यात जन्मलं तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. मला पुढे राहवेना. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं की आम्ही ख्रिस्ती आहोत, हा सत्यनारायण नाही, आज नाताळ आहे, ही केळ म्हणजे आमचं नाताळचं झाड आहे आणि वस्त्रं म्हणजे बर्फ आहे. हे शेवटचं बोलताना माझाच त्याच्यावर विश्वास बसेना. कुणीतरी बाहेर डोकावून बर्फाकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी वळून बाळाकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता नळावरचा नंबरही गेला. त्या म्हणाल्या, "असं होय. मग ते बाळ कृष्णाचं नाही तर." मी म्हटलं, नाही. "असू दे. बाळ ते बाळ. प्रसाद आहे ना?"

प्रसाद होता. तुझ्या लक्षात आलं असेलच. मी ताट घेऊन फिरले, सगळ्यांनी डाव्या हातावर उजवा हात धरला, आणि मी एकेक चमचा केक वाढत गेले. नवलनाना म्हणाले की इतका मऊ शिरा त्यांनी बऱ्याच वर्षांत खाल्ला नाही. नेमका या वेळी तेजस तुझा बेकरीचा केक हातात घेऊन दारात, दोन केळींच्या मध्ये, तोंड उघडं टाकून उभा राहिला. मग त्याने फोन काढला. पुढे आम्ही तिघींनी नाताळचं गाणं म्हटलं. गल्लीला शब्द येत नव्हते, पण टाळ्या येत होत्या, आणि त्या टाळ्यांनी गाण्याला आपल्या चालीवर ओढून नेलं. तुला ऐकू आलेली आरती ती.

त्याने फोन तिथेच बंद केला, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. मायने सगळ्यांना जेवायला थांबवलं. स्वयंपाक होता आम्हा चौघांचा आणि तेजसचा, वांग्याचं भरीत आणि भाकरी. (डिसेंबरात जळगावात वांग्यांपेक्षा स्वस्त फक्त सल्ला मिळतो.) मी मायच्या कानाशी जाऊन विचारलं, कशावर थांबवलंस? ती म्हणाली, बघू. आणि अक्का, बायका उठून आपापल्या घरी गेल्या त्या पीठ घेऊन आल्या. कुणी वांगी आणली, कुणी कांद्याची पात, झुलालआप्पांनी तेलाचा डबा. अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटल्या, प्रकाश वांगी भाजायला बसला, आणि प्रमिलाबाई माझ्या चुलीवर माझ्यापेक्षा मोठ्या भाकरी थापत मला म्हणाल्या, "इतके दिवस बोलली का नाही व तू? आम्हाला वाटलं गर्विष्ठ आहे." मला हसू आलं. मला वाटत होतं, गर्विष्ठ त्या आहेत. तुझा केक मेघाने कापला, प्रत्येकाला नखाएवढा तुकडा आला. तेजसने किती भाकरी खाल्ल्या ते त्याला विचार. तुझ्याकडे तो फुलक्याचे काठ काढून ठेवतो ना?

तर असा हा खुलासा. केळ केळ होती, कापूस बर्फ होता, शिरा केक होता आणि आरती ही आरती नव्हती. मायला मी कशालाही बसवलेलं नाही. ती बसलेलीच होती, बाकीचे तिच्याभोवती बसले. भाऊजींना चर्चच्या कमिटीत कुणी विचारलं तर त्यांनी सांगावं की त्यांच्या सासूने जळगावात एका संध्याकाळी अख्ख्या गल्लीला शुभवर्तमान ऐकवलं. हे खोटं नाही. कमिटीत यापेक्षा मोठमोठ्या गोष्टी यापेक्षा कमी पुराव्यावर सांगतात.

आम्हाला कशाचीही गरज नाही. काळजी करू नये. भाऊजींना सलाम, तेजसला आशीर्वाद, तुला काय द्यायचं ते कळत नाही म्हणून तुझी आठवण तुलाच पाठवते.

तुझी,
सुनिता

ता. क. प्रमिलाबाईंनी पत्राबरोबर नारळाच्या वड्यांचा डबा दिला असेल, आणि पत्र वाचता वाचता तू दोन-तीन खाल्ल्या असशील. त्या त्याच नारळांच्या आहेत. आता काही इलाज नाही. डबा धुऊन परत पाठव.

आणखी ता. क. प्रकाश सुपरव्हिजनला नाही. तो यावलला केळीचे घड वाहतो, बागेतून गाडीपर्यंत. तुला कळू नये म्हणून आम्ही हा शब्द शोधला होता आणि माय तुझ्याशी बोलते म्हणून तिलाही तोच सांगितला होता. हे पत्र मी मोठ्याने वाचत होते तेव्हा सुपरव्हिजनपाशी माय खाटेवरून म्हणाली, "त्यान्या शर्टवर केळना डाग शेतस. सुपरव्हिजनना डाग असा नही ऱ्हातस." शर्ट तीच धुते, मी नको म्हटलं तरी. ते डाग जात नाहीत हे तिला माहीत आहे, तरी घासत बसते. चार महिने ती घासत होती आणि आम्ही तिच्यापासून लपवत होतो. म्हणून आता मुद्द्याचं लिहिते, जे वर एवढी पानं लिहून लिहिता आलं नाही. अक्का, तिला नेऊ नकोस. तुझ्याकडे गिझर आहे, पण माझ्याकडे संध्याकाळी प्रकाश घरी येतो तेव्हा त्याच्याकडे बघून हसणारं दुसरं कुणी नाही. मला अजून जमत नाही. मी शिकते आहे. तोवर तरी राहू दे. एक तारखेला गाडी पाठवू नकोस.

शेवटचं ता. क. वरचं सगळं मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली की शेवटचं वाक्य खोड. मी विचारलं, का, तुला जायचंय? तर तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "गाडी येऊ दे. बठ्ठा जाऊत, जेवूत, आन् बठ्ठा परत येऊत." तेव्हा गाडी पाठव. आम्ही चौघे येऊ आणि चौघेच परत येऊ. मटण कर. भरीत करू नकोस. आणि तेजसला सांग, टपावर बांधायला दोर घेऊन ये. दोन्ही केळी अजून हिरव्या आहेत, माय म्हणते, हेमाच्या दाराला शोभतील.